एगर्ट पीनिंगची मूठ

एल्बे नदीच्या खालच्या अंगाला भरतीचं पाणी बांधाला टेकून उभं राहतं, आणि बांधाच्या अलीकडची जमीन त्या पाण्याहून खाली असते. त्या खाजणात एगर्ट पीनिंगचं घर होतं. लांबलचक, बोरूने शाकारलेलं, एकाच छपराखाली एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला जनावरं. मधल्या भिंतीला लागून जे ठाण होतं ते सगळ्यांत मानाचं. तिथे घरची घोडी बांधायची. चुलीची ऊब भिंतीतून तिच्या पाठीला लागे आणि तिच्या खुरांचा आवाज भिंतीतून माणसांच्या झोपेत येई. पीनिंगांची पोरं पाळण्यापासून तो आवाज ऐकत वाढायची.

एगर्ट दिसायला चारचौघांसारखा, थोडा बुटकाच. पण त्याच्या उजव्या हाताची साऱ्या खाजणात ख्याती होती. वसंतात कुणाची घोडी व्याली की एगर्टला बोलावणं जाई. तो यायचा, टोपी काढून खिळ्याला अडकवायचा, ओल्या शिंगराजवळ गुडघ्यावर बसायचा आणि त्याच्या पुढच्या पायाची नळी, गुडघ्याच्या बरोबर खाली, मुठीत धरायचा. अंगठा आणि मधलं बोट यांच्यात फट राहिली की म्हणायचा, "नांगराला चालेल." बोटं एकमेकांना भिडली तर उठायचा, गुडघा झटकायचा, टोपी घालायचा आणि काहीच बोलायचा नाही. त्या न बोलण्याला मग कुणी उत्तर करत नसे. तिथली माती चिकण, पावसाळी दिवसांत बुटाला धरली की बूट पायातून काढून घेईल अशी. नांगराला एकाच वेळी चार घोडे जुंपावे लागत. त्या मातीत बारीक नळीचा घोडा कुणाच्या कामाचा? मूठ एगर्टला बापाने दिली होती, बापाला त्याच्या बापाने. शेत द्यावं तशीच दिली होती.

आणि घरात दुसरी एक वस्तू होती. मोठ्या दाराच्या आतल्या तुळईवर खिळ्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला घोडीच्या शेपटीच्या केसांची एक वेणी. घरच्या घोडीने घर पुढे चालवणारी शिंगी, म्हणजे मादी शिंगरू, दिली की त्या दिवशी तिची वेणी तुळईला चढायची. सगळ्यांत जुन्या वेण्यांचा रंग धुराने एकच झाला होता. बाप घोडा कुठलाही असो, तो पाहुणा, असं पीनिंग मानत. घर चालतं ते घोडीवर.

शेवटचा खिळा रिकामा होता. तो फ्लीडर नावाच्या घोडीचा. दारातल्या फ्लीडरच्या झाडाखाली, पांढरी फुलं गळत असताना ती जन्मली होती, म्हणून ते नाव. रुंद छातीची, शांत, चालताना डावा कान बाजूला पाडून चालणारी. तो पडका कान तिच्या आईलाही होता आणि आईच्या आईलाही. फ्लीडरने जेवढी शिंगरं दिली ती सगळी नर. दर वर्षी एगर्ट आशेने ठाणात जायचा आणि बाहेर येऊन बायकोला, वीब्केला, नुसती मान हलवून सांगायचा. घोडी म्हातारी झाली. तिच्या मागे कुणी नव्हतं.

अशात ट्रॅक्टर आले. आधी एकाच्या अंगणात, मग दोन वर्षांत सगळ्यांच्या. खाजणातल्या घोड्या गाड्या भरभरून खाटकाकडे गेल्या. घोडेवाल्यांच्या संघाची माणसं गावच्या खानावळीत आली आणि त्यांनी सांगितलं की आता नांगराचा घोडा विसरा. शहरातल्या माणसांना बसायला घोडा हवा आहे, कुंपणं ओलांडून उड्या मारणारा. आपल्या घोड्यांत ताकद आहे, शांत मन आहे, पण वारा नाही. वारा हवा तर शर्यतीच्या शुद्ध रक्ताचा घोडा आणायला हवा, इंग्रजांच्या बेटावरून.

तो घोडा फेब्रुवारीत आला. त्याचं नाव कॉर्वेन. संघाने तो यास्परच्या अंगणात ठेवला, कारण यास्परकडे बापाच्या काळापासून पैदाशीचे घोडे असायचे आणि गावोगावच्या घोड्या त्याच्याच अंगणात लावायला येत. सगळं खाजण बघायला जमलं. गाडीची फळी खाली पडली आणि काळसर तांबूस रंगाचा तो घोडा उतरला. कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा नकाशावरच्या नद्यांसारख्या दिसत होत्या. पाय लांब, पोट आत गेलेलं, छाती अरुंद.

गावात गूस नावाचा एक लोहार होता, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो म्हणाला, "यास्पर, अर्धाच उतरवलास. बाकीचा घोडा गाडीत राहिला वाटतं."

लोक हसले. कुणी म्हणालं, याला बांधाच्या अलीकडेच ठेव, पलीकडे नेलास तर वाऱ्याने डेन्मार्कला जाईल.

यास्परने हसणाऱ्यांकडे बघितलंही नाही. घोड्याच्या मानेवरून हात फिरवत तो म्हणाला, "याचा बाप, त्याचा बाप, त्याचा बाप, असं अडीचशे वर्षं मागे जा. त्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला गेला. पहिला कोण आला? दुसरा जो आला, त्याचं पुढे कुणी नावसुद्धा घेतलं नाही."

सगळ्यांनी एगर्टकडे बघितलं. एगर्टने टोपी काढली, गुडघ्यावर बसला, घोड्याची नळी मुठीत धरली. अंगठा आणि बोट भिडली आणि वर एक पेर एकमेकांवर चढली. तो उठला, गुडघा झटकला, टोपी घातली. झालं. बहुतेकांच्या मनात जे होतं त्यावर शिक्का बसला.

पण यास्पर घोड्याला ठाणाकडे नेऊ लागला तेव्हा एगर्टने जाता जाता एकदा मागे पाहिलं. पुढचा खूर जिथून उचलला जात होता, त्याच्या हातभर पुढे मागचा खूर पडत होता. न ओढता, न आपटता. जमिनीवर पाय ठेवायचा ही जगाची रीत, म्हणून केवळ तो ठेवत होता.  इतकी वर्षं तो घोडे पाहत होता, असं चालणं त्याने पाहिलं नव्हतं. घरी गेल्यावर वीब्केने विचारलं, कसा आहे? तो म्हणाला, बारीक आहे.

त्या वसंतात एगर्टला छातीचं दुखणं लागलं आणि डॉक्टरने त्याला अंथरुणात डांबलं. त्याच दिवसांत फ्लीडर माजावर आली. तिला लावायचा जुन्या वळणाचा अवजड घोडा तीन गावं पलीकडे होता आणि म्हातारी घोडी तेवढं चालली असती की नाही कुणास ठाऊक. वीब्केने कुणाला विचारलं नाही. तिने घोडीला दोर लावला आणि बांधावरून चालत निघून गेली. दुपारी परतली तेव्हा एगर्ट उशीला टेकून बसला होता. भिंतीपलीकडचा खुरांचा आवाज बंद झालेला त्याला कळला होता.

"कुठे गेली होतीस?"

"यास्परकडे. घोडी घेऊन." ती चिखलाचे बूट काढत होती.

"त्या काठीकडे?"

"तुझ्या जाडजूड घोड्यांनी मला दर वर्षी पोरगेच दिले. आता काठीला विचारून बघू."

त्यावर तो बराच वेळ खोकला. खोकला संपला तेव्हा वीब्के स्वयंपाकघरात होती आणि प्लम घातलेल्या सुपाचा वास येत होता.

पुढच्या वसंतात पहाटे फ्लीडर व्याली. धुकं बांधावरून खाली उतरलं होतं. एगर्ट ठाणात गेला, वाकला, पाहिलं, आणि त्याने जन्मात पहिल्यांदा मोठ्याने हाक मारली. वीब्के पीठभरल्या हातांनी धावत आली. शिंगी होती. इतक्या वर्षांनी, शेवटच्या खेपेला, शिंगी. वीब्केने तुळईवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं आणि एप्रनने डोळे पुसले.

एगर्ट गुडघ्यावर बसला. हात आपोआप पुढे गेला. त्याने नळी मुठीत धरली. अंगठा आणि बोट भिडली, आणि वर एक पेर चढली.

तो तसाच बसून राहिला. शिंगी त्याच्या मुठीतून पाय सोडवून घेऊन उभी राहिली. नवजात शिंगरू उभं राहताना चार वेळा पडतं. ही एकदा पडली. मग ती आईच्या भोवती फिरली, आधी चालत आणि लगेच उड्या मारत, जणू पोटातच कुणी तिला शिकवून पाठवलं होतं. एगर्टने ते पाहिलं नाही. तो आपल्या हाताकडे बघत होता. वीब्के म्हणाली, "वेणी?" तो उठला, गुडघा झटकला आणि काहीच बोलला नाही.

रीतीप्रमाणे शेजारीपाजारी कॉफी प्यायला आणि लोण्याचा केक खायला आले. गूस लोहार ठाणात डोकावून म्हणाला, "एगर्ट, शिंगरू आहे की जाळ्यातला कोळी?" एरवी एगर्टने त्याला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्याने केक पुढे केला.

उन्हाळ्यात डागणीचा दिवस आला. त्या दिवशी साऱ्या खाजणातली शिंगरं आयांसोबत खानावळीच्या अंगणात आणतात. संघाची माणसं प्रत्येकाला चालवून बघतात आणि ज्याला संघाचं मानतात त्याच्या डाव्या मांडीवर तापलेल्या लोखंडाची खूण उमटवतात. ती खूण म्हणजे त्या घोड्याचं नाव, गाव, कूळ, सगळं. ज्याच्या मांडीवर खूण नाही तो घोडा कुणाचाच नाही. एगर्टने त्या सकाळी फ्लीडरला आणि शिंगीला ठाणातच बांधलं आणि खांद्यावर फावडं टाकून पाट साफ करायला गेला. वीब्के दारात उभी होती. तो एवढंच म्हणाला की माझ्या घराच्या नावाने त्या काटकीवर मी खूण उमटू देणार नाही. दिवसभर तो कमरेएवढ्या पाण्यात गाळ उपसत राहिला. खानावळीकडून घोड्यांचं खिंकाळणं येत होतं, आणि त्याच्या ठाणातून फ्लीडर त्यांना उत्तर देत होती.

त्याच वर्षी पानगळीत फ्लीडर कुरणात आडवी झाली ती उठली नाही. मेलेली जनावरं नेणारी गाडी यायच्या आत वीब्के एकटीच कुरणात जाऊन आली. शिंगी आईविना ठाणात खिंकाळत राहिली. एगर्टला तो आवाज भिंतीतून सहन होईना. रेताड माळावरचा टिम ब्राकर मधमाश्या पाळायचा. त्याच्याकडून मधाच्या दोन पेट्या घेऊन एगर्टने शिंगी देऊन टाकली. वीब्केने त्या पेट्यांचा मध कधी चाखला नाही. पाव कोरडा खायची, पण तो मध नाही. तुळईवरचा रिकामा खिळा मात्र ती दर शनिवारी फडक्याने पुसायची आणि गंजू द्यायची नाही. भांडण म्हणावं असं त्यांच्यात काहीच झालं नाही. ठाण रिकामं राहिलं आणि भिंत मुकी झाली, एवढंच.

वर्षं गेली. एगर्ट पन्नाशी ओलांडून गेला. ट्रॅक्टर चालवायला तो शिकला, पण त्याच्यावर चढताना अजून डाव्या बाजूनेच चढायचा, घोड्यावर चढावं तसं. मूठ आता कुणी मागत नव्हतं.

एका उन्हाळ्यात माळाच्या कडेच्या गावात कडीची शर्यत होती. दोन खांबांच्या मधे दोरीला एक लहानशी कडी टांगतात आणि घोडेस्वार भरधाव येऊन लाकडी भाल्याच्या टोकाने ती उचलतो. एगर्ट आणि वीब्के भाजलेले सॉसेज खात कुंपणाशी उभी होती. पितळी वाद्यांचा बँड वाजत होता. बऱ्याच जणांनंतर टिम ब्राकरची मुलगी एल्झाबे आली, वीस-बावीस वर्षांची, एका काळसर तांबूस घोडीवर. घोडी सावकाश चालत सुरुवातीच्या रेषेकडे गेली. चालताना तिने डावा कान बाजूला पाडला.

एगर्टच्या हातातलं सॉसेज तसंच राहिलं. वीब्केने त्याच्या दंडाला धरलं. 

इशारा झाला आणि घोडी सुटली. कान ताठ झाला, मान लांब झाली आणि तिच्या पोटाखालची जमीन मागे जाऊ लागली. एल्झाबेने कडी उचलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी बँडवाल्याचा मोठा ढोल गाडीवरून सुटला आणि गडगडत मैदानात आला. बाकीचे घोडे बिथरून जागच्या जागी फिरू लागले, आणि घोडी, कडीचा वेग अंगात असलेली, सरळ मैदानाच्या टोकाकडे गेली. तिथे मोठा पाट होता. साऱ्या खाजणाचं पाणी ओढून नदीला नेणारा, रुंद, खोल, दोन्ही काठ चिकणमातीचे. तो ओलांडायला लोक पाव मैल चालून पुलावर जातात. एल्झाबेच्या हातात एका बाजूला भाला होता, लगाम सैल पडला होता. कुंपणाशी उभी असलेली माणसं फळ्यांवर वाकली. 

काठाच्या आधी घोडीने पावलं मोजली. सगळ्यांनी ते पाहिलं. एक लांब, एक आखूड, एक लांब. मग ती उठली. पुढचे दोन्ही गुडघे हनुवटीखाली घडी घालून ठेवल्यासारखे, पाठ कमानीसारखी, आणि मागचे पाय शेवटपर्यंत मातीला ढकलत. तिच्याखाली पाण्यात आकाश होतं आणि वर आकाश होतं. ती त्या दोन्हींच्या मधे इतका वेळ राहिली की एगर्टला वाटलं, ही आता खाली यायची विसरली. मग पलीकडच्या गवतात चार खूर एकामागून एक टेकले, आवाजसुद्धा न करता.

पलीकडे ती उभी राहिली आणि चरू लागली. डावा कान बाजूला पडला.

एल्झाबेने भाला खांद्यावर घेतला, मागे वळून इतक्या सगळ्या उघड्या तोंडांकडे बघितलं आणि म्हणाली, "आता काय, पुलावरून येऊ?" मग तिनेच उत्तर दिलं. घोडी वळवली, थोडं अंतर घेतलं आणि पाट पुन्हा ओलांडला. पहिल्यांदा ज्यांनी श्वास रोखला होता त्यांनी या वेळी डोळ्यांनी नीट पाहून घेतलं. एगर्टने पाहिलं ते असं: आईची रुंद छाती होती, घराण्याचा कान होता, शांत मन होतं, उडी मारून आल्यावर गवत खाणारं. आणि त्या सगळ्याला उचलून नेणारा दुसराच कुणीतरी होता. ज्याच्या बापाच्या बापाच्या बापाला एकच प्रश्न विचारला गेला होता, तो.

एगर्ट घोडीपाशी गेला. टोपी काढली, गवतात गुडघ्यावर बसला. टिम ब्राकर आपल्या गाडीला टेकून पाइप ओढत बघत होता. एगर्टने नळी मुठीत धरली. अंगठा आणि बोट भिडली, वर एक पेर चढली, अगदी तेव्हासारखी. पण या वेळी त्याने मूठ सोडली नाही. दाबून पाहिलं. खाजणातल्या घोड्यांचं हाड जाड असतं, पण मुठीला ते थोडं देतं, ओल्या लाकडासारखं. या हाडाने काही दिलं नाही. चकमकीच्या दगडाला चामडं लावावं तसं ते होतं. त्याच्या आज्यापासून चालत आलेल्या मुठीने आजवर फक्त जाडी विचारली होती.

"काय एगर्ट," टिम म्हणाला, "नांगराला चालेल?"

एगर्ट उठला, पण गुडघा झटकायचं राहून गेलं. "टिम, ती मला परत दे."

उत्तर एल्झाबेने दिलं. ती घोडीचा घाम गवताच्या जुडीने पुसत होती. "काका, मधाच्या पेट्या परत केल्या म्हणून घोडी परत येत नसते. हिला मी बाटलीने दूध पाजलंय. हिचं नाव श्वाल्बे आहे, पाकोळी. मी दिलेलं."

"नाव चांगलं आहे," एगर्ट म्हणाला.

"नावाचा काय उपयोग?" ती हात न थांबवता बोलली. "मांडी बघा. कोरी आहे. संघाचा एकही घोडा हिला लावू देत नाहीत. हिची शिंगरं कुणाचीच नसणार. अशी घोडी, आणि हिच्याबरोबर सगळं संपणार. बाबा संघाकडे जाऊन आले. ते म्हणतात, ज्या घरात जन्मली त्या घरच्या माणसाने डागणीच्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायला हवं. आणि तेव्हा का आणली नाही तेही सांगायला हवं." मग तिने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. "तुम्ही याल?"

एगर्ट म्हणाला, बघतो.

परतीच्या वाटेवर तो वीब्केला घरी पाठवून एकटा यास्परकडे वळला. कॉर्वेनला बघावं असं त्याच्या मनात होतं. ठाण रिकामं होतं, पेंढा झाडून काढलेला. घोडा गेल्या हिवाळ्यात गेला, यास्परने सांगितलं. चारच वसंत त्याला घोड्या लावल्या, मग पाय अधू झाला, आणि त्या चार वसंतांतही लोकांनी आणल्या त्या जुन्या, वाया गेल्या तरी चालतील अशा घोड्या. उभ्या उभ्याच यास्पर म्हणाला, "ये. दाखवतो."

त्याने एगर्टला बांधावर नेलं. ऊन उतरत होतं. खाली चार-पाच शेतकऱ्यांची मिळून एक मोठी कुरणपट्टी होती आणि तिच्यात घोड्या चरत होत्या. यास्परने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. घोड्यांनी माना वर केल्या आणि कळप सुटला. रंग वेगळे, घरं वेगळी, आया वेगळ्या. कुणाची मान कुणाच्या घरची, कुणाचं डोकं कुणाच्या घरचं, एगर्ट त्यांच्या आज्यांनाही ओळखत होता. पण मागचा पाय पुढच्याच्या हातभर पुढे टाकत पळणं सगळ्यांचं एकच होतं. न ओढता, न आपटता. एक पाहुणा आला होता, त्याला लोक हसले होते, तो चार वसंत कामी येऊन गेला होता, आणि साऱ्या खाजणाची चाल बदलून गेली होती. कळप बांधाखालून गेला तेव्हा एगर्टने टोपी काढली. खुरांचा आवाज त्याच्या तळपायांतून वर येत होता. भिंतीतून यायचा तसाच, पण हलका.

"मी येऊन सांगितलं," तो यास्परला म्हणाला, "तर लोक विचारतील, एवढी वर्षं तुझ्या मुठीवर आम्ही शिंगरं ठेवली आणि काढली, त्यांचं काय?"

यास्पर म्हणाला, "विचारतील. तू काय सांगशील?"

एगर्टने टोपी घातली आणि तो बांध उतरू लागला.

डागणीच्या दिवशी खानावळीचं अंगण भरलं होतं. जळक्या केसांचा वास हवेत होता. शिंगरांच्या रांगेच्या शेवटी एल्झाबे आपली पाच वर्षांची घोडी घेऊन उभी राहिली आणि लोक कुजबुजले. संघाच्या साहेबांनी विचारलं, ही कुणाच्या घरची? एगर्ट गर्दीतून पुढे आला. त्याने रविवारचा कोट घातला होता.

"माझ्या घरची," तो म्हणाला. "फ्लीडरची मुलगी, बाप कॉर्वेन. जन्मली तेव्हा मी हिचा पाय मुठीत धरला आणि मुठीचं ऐकलं. हिला चालताना बघितलंच नाही. अशी आणखी किती शिंगरं माझ्या मुठीने घालवली ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल."

 काही जण खाली बघत होते, कारण त्यांनाही माहीत होतं. यास्परने सांगितलं की घोडी त्याच्याच अंगणात लागली होती आणि दोर वीब्केच्या हातात होता. साहेबांनी घोडीला चालवलं, दुडकी काढली, कान बघितला, आणि मान डोलावली. लोखंड तापवलं गेलं. श्वाल्बेने मांडीवरची ती जळजळ एकदा अंग थरथरवून घेतली आणि एल्झाबेच्या खांद्यावर हनुवटी ठेवली.

तेव्हा गूस लोहार बोललाच. "मग एगर्ट, त्या मुठीचं आता काय करायचं?"

"खिशात ठेवायची," एगर्ट म्हणाला.

लोक हसले, आणि तोही हसला. एल्झाबे घोडी घेऊन त्याच्यापाशी आली. घोडी ती देणार नव्हतीच, तसं तिने पुन्हा सांगितलं. पण माळावरचं गवत पातळ असतं आणि गाभण घोडीला खाजणाचं गवत लागतं. "तुमचं भिंतीजवळचं ठाण रिकामं आहे ना, काका? पहिली शिंगी झाली तर ती तिथेच राहील."

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा वीब्के कपड्यांचं कपाट उघडून उभी होती. पांढऱ्या चादरींच्या तळातून तिने एक तागाचं पुडकं काढलं आणि त्याच्या हातात दिलं. आत काळ्या केसांची वेणी होती, घट्ट विणलेली, लव्हेंडरचा वास लागलेली. फ्लीडर मेली तेव्हा ती कुरणात एकटी जाऊन आली होती, त्या दिवसाची.

"एवढी वर्षं ठेवलीस," तो म्हणाला.

"तुझ्या डोक्याला सुकायला वेळ लागतो," ती म्हणाली. "खाजणातलं गवतसुद्धा लवकर सुकतं."

एगर्ट स्टुलावर चढला. खिळ्यावर गंजाचा डागही नव्हता.

पुढच्या वर्षी श्वाल्बे खाजणात आली. घोडा कुठला लावायचा यावर एल्झाबे आणि एगर्ट आठवडाभर भांडले. शेवटी यास्परने हल्लीच आणलेला जुन्या वळणाचा रुंद हाडाचा घोडा ठरला, कारण वारा आता आईकडे होता. त्यानंतरच्या वसंतात भिंतीपलीकडचा खुरांचा आवाज पहाटे बदलला आणि नवराबायको दोघंही एकदम उठून बसली.

शिंगी होती. ओल्या पेंढ्यात बसून जगाकडे बघत होती. एगर्टने टोपी काढून खिळ्याला अडकवली आणि तो तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. वीब्के दिवा धरून दारात उभी होती. तिने पाहिलं, त्याचे दोन्ही हात पाठीमागे होते, एकाने दुसरा धरलेला.

"काय करतोयस?"

"थांब," तो म्हणाला. "आधी हिला चालू दे."

शिंगी उठली, एकदा पडली, पुन्हा उठली. नळ्या बापावर गेल्या होत्या, जाड. छाती आजीची. तिने आईच्या भोवती पहिला फेरा घेतला, थबकत, अडखळत. दुसऱ्या फेऱ्याला मागचा लहानसा खूर पुढच्याच्या पलीकडे जाऊन पडला, अलगद, जमिनीला न दुखवता. एगर्ट तसाच बसून राहिला, हात पाठीमागे. भिंतीपलीकडे चुलीवर पाणी उकळायला लागलं होतं. शिंगी थांबली, आवाजाच्या दिशेला वळली आणि ऐकता ऐकता तिचा डावा कान सावकाश बाजूला पडला.